टिचकीचा आवाज

परवा लेकीने नवी मोटारसायकल घरी आणली. स्पोकच्या चाकांची. मी म्हटलं, अगं, आता अलॉय व्हील मिळतात, ट्यूबलेस टायर मिळतात, मग हे जुनं लचांड कशाला? "बाबा, हीच भारी दिसतात." संपला विषय. पण मला त्या रात्री झोप लागेना, आणि म्हणून हे लिहायला बसलोय.

आम्ही बदलापूरकर. इथे पूर्वी लष्कराचे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं लहानपणापासून ऐकत आलोय. खरंखोटं इतिहासकार जाणोत, पण वाहनाची काळजी घेण्याचं गाव म्हणून मला ते नाव फार आवडतं. पुढे 1856 साली रेल्वे कल्याणवरून खोपोलीपर्यंत गेली आणि घोडे मागे पडले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावण्या बसल्या, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आमच्या तोंडी मात्र ते अजून 'कॅम्प'च आहे. कॅम्प तीनला जाऊन येतो, कॅम्प पाचला जाऊन येतो. पडद्यापासून पिस्टनपर्यंत काहीही हवं असलं की कॅम्प.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. धातूशी बोलणारा माणूस. 1985 साली चार स्ट्रोकची हिरो होंडा आली, तेव्हा तिची जाहिरात अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. अण्णा हसायचे. म्हणायचे, इंजिन विसराल हो, चाक कसं विसराल? आमच्याकडे शंभर सीसीची मोटारसायकल आली ती नंतर. दर रविवारी सकाळी ती डबल स्टँडवर चढायची. अण्णा उकिडवे बसायचे, चाक हाताने हळूहळू फिरवायचे आणि छोट्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने एकेका स्पोकला टिचकी मारायचे. टिण, टिण, टिण... ठप्प. ठप्प आलं की थांबायचे. तो स्पोक सैल.

यामागचं शास्त्र मला खूप उशिरा कळलं. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं. त्या काळच्या गाडीचं चाक लाकडाचं असणार, आणि लाकडी चाकाचे आरे ओझं खांबासारखे पेलतात. तारेला खांबासारखं उभं राहता येत नाही, तिला फक्त ओढून धरता येतं. पॅरिसच्या यूजीन मेयरने 1869 साली असं ताणलेल्या तारांचं चाक सायकलसाठी पेटंट केलं. मग 1874 साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा हबपासून सरळ न नेता तिरप्या, एकमेकींना छेदून नेल्या. त्यामुळे गाडी पळवताना किंवा ब्रेक मारताना चाकाला बसणारा पीळ त्या झेलू शकल्या. आपल्या मोटारसायकलचं चाक अजून त्याच घराण्यातलं.

गंमत अशी की चाक फिरताना खाली आलेल्या स्पोकचा ताण थोडा उतरतो आणि वर जाताना पुन्हा चढतो. अठरा इंची चाकाच्या किलोमीटरला साधारण 530 फेऱ्या होतात. बदलापूरहून कॅम्पला जाऊन-येऊन वीस किलोमीटर धरा, म्हणजे दहा हजारांवर हेलकावे. घट्ट स्पोक हे मुकाट सोसतो. सैल स्पोक मात्र दर फेरीला पूर्ण ढिला पडतो, पुन्हा हिसका खातो आणि शेवटी हबजवळच्या वाकणावर तुटतो. तो गेला की त्याचं काम शेजाऱ्यांवर. (आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखंच.)

घट्ट करायचं म्हणजे निपल पिळत सुटायचं नाही. अण्णांचा नियम पाव फेऱ्याचा. पाव फेरा द्यायचा, समोरच्या बाजूचा बघायचा, मग रिमजवळ खडू स्थिर धरून चाक फिरवायचं. खडू जिथे घासेल तिथे आऊट. एकच स्पोक जास्त ओढला तर रिम त्या बाजूला खेचली जाते आणि त्याचं टोक निपलमधून वर येऊन ट्यूबला टोचतं. आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या स्पोकचा आवाज जरा वेगळा येतो, म्हणून तुलना आपापल्या जातीतच करायची.

26 जुलै 2005. उल्हास नदी घरात आली. गाडी दिवसभर टाकीपर्यंत पाण्यात होती. नंतर मेकॅनिकने इंजिन उघडलं, ऑइल बदललं, गाडी एका किकमध्ये सुरू झाली आणि आम्ही पेढे वाटायचे बाकी राहिलो. चाकांकडे कोणी बघितलं नाही. अण्णांचा तेव्हा गुडघा धरलेला, उकिडवं बसता येत नव्हतं. ते दर रविवारी आतून विचारायचे, "काय रे, टिचक्या मारल्यास का?" आणि मी पेपर वाचत "हो" म्हणायचो.

मी एकदाही मारल्या नव्हत्या.

ऑक्टोबरअखेरीस दिवाळीची खरेदी करून कॅम्पमधून परतत होतो. मागे बायको, आमच्या मध्ये तीन वर्षांची लेक. अंबरनाथ ओलांडताना मागून 'टँग' असा आवाज आला, आणि पुढच्याच खड्ड्यात मागचं चाक खाली बसलं. गाडी डावीकडे आडवी. लेकीला खरचटलं, बायकोचं मनगट मोडलं. नशीब की मागे ट्रक नव्हता. चाकात तीन स्पोक तुटलेले होते, एकाचं टोक ट्यूबमध्ये. निपल गंजून घट्ट धरलेले.

अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर ते गॅलरीत स्टुलावर बसलेले, चाक मांडीवर, आणि एकेका निपलवर तेल सोडतायत. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही, गाडी विकेपर्यंत.

आता अण्णा एक्याऐंशीचे आहेत आणि त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. परवा नवी गाडी दारात लागली तेव्हा खुर्ची मागवून ते मागच्या चाकाशी बसले. टिचकी मारली, कान लावला, मान हलवली. मग लेकीला म्हणाले, "तू मार." ती टिचकी मारत गेली आणि ते प्रत्येक स्पोकवर बोट टेकवून थरथर बघत गेले. सोळाव्या-सतराव्याला बोट थांबलं.

"हा कसा वाजला?"

"जरासा बसका वाटला, आजोबा."

"पहिल्या सर्व्हिसला सांग त्यांना," अण्णा म्हणाले, "नव्या चाकाचे स्पोक बसायला वेळ लागतो." आणि बोट पुढच्या स्पोकवर ठेवलं.