पदवी आणि प्रबंध

‘डॉक्टर’ ह्या उपाधीस आपल्याकडे कोणी विद्वत्तेचा निर्णायक पुरावा मानतो, तर कोणी इतिहासाचार्य राजवाड्यांकडे बोट दाखवून तिला निव्वळ अलंकार ठरवितो. दोन्ही पक्षांचा एक लाभ समान आहे: प्रबंध वाचण्याचे कष्ट टळतात. म्हणून भीमराव आंबेडकरांच्या दोन प्रबंधांचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एम्.ए. केले व पुढे हिंदुस्थानच्या सरकारी जमाखर्चावरील प्रबंध सादर केला. पीएच्.डी. मात्र हाती आली ती १९२७ साली. कारण छापील प्रती दाखल केल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही, असा तेथील दंडक होता. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सयाजीराव गायकवाडांस तो अर्पण केलेला आहे. हा दंडक जाचक खरा, परंतु त्यामागील दृष्टी रास्त होती. परीक्षकांनी मान्य केलेले संशोधन अपरिचित वाचकाच्याही कसोटीस उतरले पाहिजे, ही ती दृष्टी होय. कपाटात बंदिस्त राहणाऱ्या प्रबंधांविषयी अधिक न लिहिणेच बरे.

लंडनचा अनुभव याहून बोलका आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी १९२३ साली फेरलेखनासाठी परत केला. त्याच वर्षी तो स्वीकृत होऊन त्यांना डी.एस्सी. मिळाली. सुवर्ण-विनिमय पद्धतीचा पुरस्कार केन्सने १९१३ साली केला होता. ह्या पद्धतीत चलननिर्मितीवर पुरेसा निर्बंध राहत नाही, असा आंबेडकरांचा आक्षेप होता. ग्रंथास प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लेखकाशी असलेला आपला मतभेद प्रस्तावनेतच नमूद केला आणि तरीही त्याच्या विवेचनातील ताजेपणाचे कौतुक केले. प्रस्तुत लेखकास डॉक्टरेटचा खरा अर्थ येथे दिसतो. गुरूशी सहमत न होताही त्याला आपल्या युक्तिवादाची दखल घ्यावयास लावणे, हा तो अधिकार.

समाजाने मात्र हा अधिकार मानलाच असे नाही. कोलंबियाची विद्या घेऊन १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आलेल्या ह्या तरुणास राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपविले.

पुढे १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. आणि तेथे त्यांनी मांडली ती बाजू त्याच प्रबंधातील होती.