कांदोळीचे पाद्रीबुवा

'मोहिनी घातली' म्हटले, की आमच्या शेगावात ऐकणाराच्या डोळ्यांपुढे मांत्रिकाचे हातवारे उभे राहतात. माझ्या वर्गातली पोरेही संमोहनाचे नाव काढताच हात हलवून एकमेकांना 'झोपवू' लागतात. पोरांना हसण्यात अर्थ नाही. पणजीच्या जुन्या सचिवालयापाशी १९४५ साली उभारलेला आबे फारियांचा पुतळा मी पाहिला आहे. खाली कलंडलेली स्त्री, आणि तिच्यावर पसरलेले पाद्रीबुवांचे दोन्ही हात! रामचंद्र पांडुरंग कामतांचे हे शिल्प मोठे देखणे. पण फारिया सांगत होते ते नेमके याच्या उलट.

१७५६ साली ते गोव्यात कांदोळीला जन्मले. पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये पाद्री झाले आणि १८१३ साली पॅरिसात प्रयोग दाखवू लागले. वैद्याच्या देहातून एक अदृश्य चुंबकी प्रवाह रोग्यात शिरतो, असे मेस्मरचे अनुयायी तेव्हा मानीत. फारिया माणसाला आरामखुर्चीत बसवीत, डोळे मिटून मन स्थिर करायला सांगत, आणि एकदम मोठ्याने म्हणत, "झोपा!" माझ्या अंगी काही नाही, झोप येते ती तुमच्याच मनातून, हे त्यांचे सांगणे. आपली सिद्धी आपणच नाकारणारा मांत्रिक कोणाला रुचणार? नाटकात त्यांची टवाळी झाली. १८१९ साली ते वारले. त्यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. पुढे ड्यूमाने आपल्या कादंबरीतल्या एका कैद्याला त्यांचे नाव दिले, आणि वाचकांना तोच फारिया खरा वाटू लागला.

नान्सी गावच्या लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी मात्र सूचनेच्या याच वाटेने रोग्यांवर उपचार केले. बर्नहाइमने पहिलेपणाचा मान फारियांनाच दिला.