दोन तारांचा पीळ

श्रोतेहो, विजेचा मीटर हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. महिनाभर तो मुकाट फिरतो, महिनाअखेर बोलतो. आणि तो बोलला, की घरातला कर्ता माणूस गप्प होतो! आज मला सांगायचे आहे ते त्या मीटरबद्दल नव्हे, तर त्याचे बोलणे वाहून नेणाऱ्या तारेबद्दल. मी इतिहासाचा शिक्षक. तारेशी माझा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तर आधी एक घडलेली हकिकत ऐका.

आमच्या सोलापुरात एका छपराखाली चौघा भावांचे यंत्रमाग चालतात. मुख्य मीटर एक; आपसांतल्या हिशोबासाठी प्रत्येकाचा वेगळा छोटा मीटर, उंच भिंतीवर बसवलेला. थोरल्याचा मुलगा माझा विद्यार्थी. त्याने या चारही मीटरांना तार जोडून त्यांचे आकडे कार्यालयातल्या संगणकावर आणले. पण सकाळी माग सुरू झाले, की दोन मीटरांकडून उत्तरच येईना. कागदावर जागा कोरी राही, आणि कारकून ती अंदाजाने भरी. धाकट्याचे माग सर्वांत कमी, तरी त्याच्या वाट्याला बिल मोठे येऊ लागले. ‘मीटरमध्ये कुणीतरी हात घातला,’ असा संशय त्याने बोलून दाखवला, आणि सख्ख्या भावांचे बोलणे बंद झाले.

शेवटी एक जाणता तंत्रज्ञ आला. त्याने शिडी लावून मीटरांच्या तोंडावरचे आकडे वाचले. चौघांची बेरीज मुख्य मीटरशी जुळली. मीटर प्रामाणिक होते. दोष तारेचा होता! घरातल्या घंटीला वापरतात तसली साधी, सरळ दुहेरी तार आणली होती, आणि वर ती मोटारींच्या जाड केबलींबरोबर एकाच नळीतून नेली होती.

आता माझा विषय येतो. कारण हा रोग जुना आहे आणि त्याचे औषधही जुनेच आहे. हिंदुस्थानात तारायंत्राची पहिली वाहिनी १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी सुरू झाली. तारायंत्राला खांबावर एकच तार पुरे. परतीची वाट जमिनीतून. पुढे टेलिफोन आला, तोही आरंभी असाच एका तारेवर चालवला गेला. मग शेजारच्या तारेची टकटक कानात ऐकू येऊ लागली. पाश्चात्त्य शहरांत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्यावर खरखरीने बोलणे अवघड झाले. असल्या उपद्रवावर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ सालीच एक उपाय नोंदवला होता: दोन तारा घ्या आणि त्या एकमेकींभोवती पिळा.

पिळल्याने काय होते? दोघे भाऊ एका बैलगाडीत उभे आहेत असे समजा. गाडी खड्ड्यात उसळली तर दोघेही सारखेच उसळतात. पण थोरला धाकट्यापेक्षा किती उंच, हा फरक काही बदलत नाही. पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा उपद्रव जवळजवळ सारखाच पडतो. ऐकणारे यंत्र फक्त दोन तारांमधला फरक वाचते, म्हणून उपद्रव वजा होतो आणि निरोप शिल्लक राहतो. सोलापूरकरांना दुपेडी सुताचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मीटरही बदलत गेला. १८८९ साली हंगेरीत ओट्टो ब्लाथी यांनी फिरत्या चकतीचा मीटर तयार केला. तीच चकती शंभरावर वर्षे घरोघरी फिरली. आपल्याकडे २००६ च्या केंद्रीय नियमांनी चकतीऐवजी इलेक्ट्रॉनिक मीटर सांगितले. या मीटरला बोलता येते. एकेक खूण एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारखी पाठवतो. यालाच सीरियल संदेशवहन म्हणतात. त्याचा आरएस-२३२ हा नियम अमेरिकेत १९६० साली ठरला. तो जवळच्या यंत्रांसाठी, पंधरा मीटरच्या आसपास. १९८३ सालच्या आरएस-४८५ ने मात्र बेलसाहेबांची जोडी पुन्हा उचलली. वेग बेताचा ठेवला तर बाराशे मीटरपर्यंत निरोप जातो, आणि एकाच जोडीवर बत्तीस यंत्रे बसू शकतात.

तर शाळेत, कारखान्यात किंवा सौर पंपाच्या शेडात अशी तार घालायची वेळ आली, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. तार पिळाची घ्या, सुमारे १२० ओहमची, शक्यतो वर जाळीचे कवच असलेली. आणि ते कवच एकाच टोकाला जमिनीशी जोडा. मोटारींच्या केबलीपासून ती दूर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. फांद्या फोडू नका. माळेतल्या मण्यांसारखे मीटरामागून मीटर जोडा. लांब माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावा, नाहीतर विहिरीतल्या हाकेसारखा निरोप परत फिरतो आणि मागून येणाऱ्या निरोपात मिसळतो.

जाता जाता आपल्या भूमीची एक गोष्ट. १८७१ साली मुंबईकडून सोलापूरवरून गेलेला लोहमार्ग रायचूरला मद्रासच्या लोहमार्गाला मिळाला. त्यानंतर १४२ वर्षांनी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एका तालात जोडले गेले. एवढ्या मोठ्या देवघेवीचा हिशोबही अखेर मीटरच ठेवतो. राज्याराज्यांतला असो की भावाभावांतला, हिशोब खरा असून भागत नाही. तो खरा म्हणून पोचावाही लागतो.

त्या शेडात पिळाची तार घातली, वेगळ्या नळीतून नेली, आणि चारही मीटर माग चालू असताना उत्तरे देऊ लागले. जुने हिशोब मीटरांच्या आकड्यांवरून पुन्हा मांडले. धाकट्याचे पैसे थोरल्याने स्वतः नेऊन दिले. तारेला लागलेला खर्च त्या रकमेहून कमी होता. पण जे मधले महिने दोघे एका पंगतीला बसले नाहीत, त्यांचा हिशोब कुठल्या मीटरवर मांडणार? म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एवढे जरूर सांगा: माणसावर संशय घेण्याआधी एकदा शिडी लावून आकडा पाहावा.