धक्क्याआधीचे काही सेकंद

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. बाप्पाला निरोप देऊन लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून सुमारे १०,००० माणसे गेली. हैदराबादेतही तो हादरा जाणवला. आपल्यापैकी कितीतरी घरांचे सोयरेधायरे लातूर-उस्मानाबादकडचे. दर विसर्जनाला मनात येते, थोडी आधी सूचना मिळाली असती तर?

हा विचार जुना आहे. १८६८ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा डॉ. जे. डी. कूपर यांनी तिथल्या वृत्तपत्रातून एक उपाय सुचवला. शहरापासून दूर यंत्रे बसवावीत आणि ती हलताच तारेने शहरातली घंटा वाजावी. भूकंपाच्या लाटेपेक्षा विजेचा संदेश कितीतरी वेगाने जातो, हे त्यामागचे तत्त्व. कल्पना कागदावरच राहिली. १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटीत हजारो लोक दगावले. त्यानंतर तिथे ती प्रत्यक्षात आली. १९९१ पासून समुद्रकाठची यंत्रे सुमारे ३०० किलोमीटरवरच्या राजधानीसाठी पहारा देऊ लागली.

अशी यंत्रे महाग, म्हणून संख्येने थोडी. मोबाइल आडवा केला की चित्रही आडवे होते. ही किमया करणारी चिप स्वस्त असते. तशाच चिपची यंत्रे तैवानच्या शास्त्रज्ञांनी शेकडो ठिकाणी, बहुतांशी प्राथमिक शाळांत, बसवली. एखादे यंत्र ट्रक गेला तरी हलते. पण शेजारची चार-पाच एकदम हलली, तर तो भूकंपच. आपल्याकडे आयआयटी रुडकीने उत्तराखंडात असे जाळे उभारले आणि २०२१ मध्ये तिथे लोकांसाठी मोबाइल अ‍ॅपही आले.

तरी खरे सांगायचे तर, किल्लारीला याचा उपयोग झाला नसता. भूकंपाची पहिली सौम्य लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते आणि घरे पाडणारी दुसरी साधारण साडेतीन. केंद्राजवळच्या यंत्राने पहिली लाट टिपल्यापासून दुसरी आपल्यापर्यंत पोचेपर्यंतच इशाऱ्याचा वेळ मिळतो. किल्लारीच्या पायाखालीच, तेही उथळ, केंद्र होते. तिथे दोन्ही लाटा जवळजवळ एकदमच पोचल्या. २०० किलोमीटरवरच्या हैदराबादला मात्र पाऊण मिनिट मिळाले असते. गरज होती तिथे वेळ नव्हता आणि वेळ होता तिथे गरज नव्हती.

म्हणून इशारा हवाच, पण त्याआधी घर हवे. गणपतीला गावी जाल, तेव्हा जुन्या घराच्या भिंती एकदा पाहून या. दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड आहेत का? दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? नसेल, तर जाणत्या माणसाला विचारून ते काम आधी करून घ्या.