पोटापुरत्या मजुरीची कुळकथा

राज्यघटनेचे कलम 43 म्हणते की कामगाराला नीट जगता येईल एवढे वेतन मिळावे, यासाठी राज्याने झटावे. त्याच कलमात पुढे खेड्यांतल्या कुटिरोद्योगांना चालना द्यायचे आले आहे. वेतन आणि कुटिरोद्योग ही जोडी एका कलमात कशी आली, हे पाहायचे तर वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीत जावे लागते.

1932च्या अखेरीस विनोबा भावे इथे राहायला आले. पुढे सूत कातायचे आणि त्या मजुरीतच भागवायचे, असा प्रयोग त्यांनी मांडला. कातणारीला दिवसभराच्या कष्टाचे तेव्हा फार तर दोनेक आणे सुटत. त्यावर लेख लिहिता आला असता. विनोबा आठ-आठ तास कातायला बसले आणि हिशेब थेट ताटात उतरला. गांधीजी तेव्हा वर्ध्यातच होते. आठ तासांच्या कामाला आठ आणे हवेत, असे त्यांनी 1935मध्ये मांडले. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, अशी धास्ती खादीवाल्यांनाच होती, आणि ती खोटीही नव्हती. तरी त्याच वर्षी खादीचे काम चालवणाऱ्या चरखा संघाने मजुरी निर्वाहाच्या हिशेबाने द्यायचा ठराव केला. आठ आणे काही कातणारीच्या हाती पडले नाहीत. पण दराचा आधार बदलला.

कलम 43 नालवाडीतूनच निघाले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी 1907मध्येच अकुशल कामगाराला, बायकामुलांचा खर्च धरून, दिवसाला 7 शिलिंग ठरवून दिले होते. तिथे न्यायालयाने मालकासाठी माप ठरवले. इथे एका संस्थेने स्वतःला बांधून घेतले. कुटिरोद्योगांची ओळ मात्र गांधीजींच्या माणसांच्या आग्रहाची, यात शंका नाही.

अडचण वेगळीच आहे. कलम 43 मार्गदर्शक तत्त्वांत बसले, म्हणून कलम 37प्रमाणे त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. हक्क लिहिला गेला, पहारा बसला नाही. 1948च्या किमान वेतन कायद्याने निदान तळाची रेघ आखली. तीही सर्रास मोडली जाई. दिल्लीत एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या, बांधकामांवर मजुरांना कमी पैसे मिळतात, असे एका नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती भगवतींना पत्राने कळवले. 1982मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे म्हणजे कलम 23ने मना केलेली वेठबिगारीच, भुकेपोटी दिलेला होकारही सक्तीचाच.

तेव्हा मजुरी बुडत असेल तर 43 नव्हे, 23 दाखवा.