देवीच्या अंगावरचं सोनं

घरात मोठं आजारपण आलं किंवा पीक हातचं गेलं, की आपला हात आधी गळ्यातल्या सोन्याकडे जातो. मोडायचं की गहाण टाकायचं, हा हिशेब आपल्याला नवा नाही. चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या अथेन्स शहरावरही हीच वेळ आली होती.

अथेन्सचं रोजचं नाणं चांदीचं. एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड. चांदी लॉरियनच्या खाणींतून यायची. इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटलं. तेव्हा पेरिक्लीस या पुढाऱ्याने लोकांना सांगितलं, की अगदीच अडलं तर देवीच्या मूर्तीवरचं हजार किलोहून अधिक सोनं उतरवता येईल. मात्र जेवढं घेऊ तेवढं परत करावं लागेल.

इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या सैन्याने शहराजवळ कायमचं ठाणं दिलं. वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, खाणी थंडावल्या. अखेर इ.स.पू. ४०६ च्या सुमारास टेकडीवरच्या देवस्थानातल्या विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली गेली.

नाणं पाडायचं कसं? ठशावर सोन्याची चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. ठसे हाताने, उलटे कोरलेले. मोठं नाणं जेमतेम पाऊण तोळ्याचं. पण त्यावर शिरस्त्राण घातलेली अथेना, घुबड आणि ऑलिव्हची डहाळी असं सगळं नीट उमटलेलं. शहर संकटात होतं, तरी कारागिराने हात आखडला नाही.

सोनं गेलं आणि युद्धही हरलं. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स शरण गेलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. देवस्थानातल्या सोन्याच्या याद्या वजनासकट दगडावर कोरलेल्या असत. पुढे सत्तरएक वर्षांनी शहराचा खजिना सांभाळणाऱ्या लायकर्गसने विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती पुन्हा घडवल्या. मिरवणुकीत चालणाऱ्या शंभर मुलींसाठी दागिनेही केले.

त्या शहरातल्या बायकांना सभेत मत नव्हतं. देवीचं सोनं मात्र सगळ्यांसमक्ष मोजलं गेलं, लिहिलं गेलं, म्हणून ते देणं कुणी विसरलं नाही.

आपल्या घरात अडचणीला उतरवलेल्या पाटल्यांची नोंद कुठल्या वहीत असते? नसेल, तर आज रात्री ती वही उघडा. तारीख आणि वजन, दोन्ही लिहा.