हात हलणं आणि हात हलवणं : लकवा, यंत्र आणि वर्धा



आजचा विषय वैद्यकातला आहे आणि मी तत्त्वज्ञानाचा माणूस आहे. माझ्या नावामागचं 'डॉक्टर' कुणाची नाडी बघायला उपयोगी पडत नाही. तेव्हा औषधोपचार मी सांगणार नाही. मी इतिहास सांगणार आहे, लकव्यानंतर हातापायात हालचाल परत यावी म्हणून माणसानं जी यंत्रं केली त्यांचा. आणि हा इतिहास वर्ध्यात बसून वाचला तर त्यातला एक प्रश्न जास्त स्पष्ट दिसतो, असं माझं म्हणणं आहे.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी याच वर्ध्यात जमनालाल बजाज गेले. वय ५२. मेंदूत रक्तस्राव झाला. अचानक. त्या काळात वैद्यकाच्या हातात फारसं काही नव्हतं. मेंदूत रक्त सांडलं आहे की गुठळी अडकली आहे, हे दाखवणारं सीटी स्कॅनसुद्धा पहिल्यांदा एका रुग्णावर वापरलं गेलं ते १९७१ साली, लंडनमध्ये. जे जात ते जात. पण जे वाचत, त्यांचं काय? अर्धं अंग लुळं पडलेला माणूस घरी येई, खाटेवर पडे आणि घरचे त्याचं सगळं करत.

आपल्या भाषेत याला किती शब्द आहेत बघा. पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा. आणि बोलताना आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं.' आयुर्वेदानं हा आजार वातव्याधींत घातला, त्याचाच हा घरगुती अवशेष. या सगळ्या शब्दांत माणसाला काहीतरी होतं. तो स्वतः काही करत नाही. उलट रुग्ण काय म्हणतो? 'माझ्याच्यानं हात उचलवत नाही.' त्याची तक्रार हात हलत नाही एवढीच नसते. आपल्याला तो हलवता येत नाही, ही असते. हलणं आणि हलवणं, एका 'व'चा फरक आहे. विट्गेन्श्टाइन या तत्त्वज्ञानं हाच प्रश्न विचारला होता: मी हात वर करतो, त्यातून 'हात वर जातो' एवढं वजा केलं तर उरतं काय? वर्गात हा प्रश्न हवेतला वाटतो. फिजिओथेरपीच्या खोलीत तो रोजचा आहे. कारण यंत्र तुमचा हात हलवू शकतं. तुम्ही तो हलवणं, हे मात्र यंत्राला तुमच्या वतीनं करता येत नाही.

आता इतिहासाकडे येऊ.

१८६५ साली स्टॉकहोममध्ये गुस्ताव झांडर या डॉक्टरांनी व्यायामाच्या यंत्रांची संस्था काढली. तरफा, वजनं, चाकं असलेली ही यंत्रं पुढे युरोप-अमेरिकेत पसरली. आजच्या जिमची ती पूर्वज. झांडर यांच्या यंत्रांत दोन जाती होत्या. एका जातीत रुग्णानं स्वतःचं बळ लावायचं. दुसरीत वाफेच्या इंजिनानं यंत्र चालायचं आणि रुग्णाचं अंग त्याच्याबरोबर हलायचं. म्हणजे हलवणं आणि हलणं, दोन्ही वाटा तिथेच फुटल्या होत्या.

यांतली कोणती वाट मेंदूपर्यंत जाते? १९१७ साली अमेरिकेत ऑग्डेन आणि फ्रान्झ या दोघांनी माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूला इजा करून माकडाचं एक अंग लुळं केलं. नुसतं सोडून दिलेलं माकड चांगल्या हातानंच काम भागवू लागलं. पण चांगला हात बांधून दुबळा वापरायला लावला, तेव्हा सुधारणा झाली. हे संशोधन बरीच वर्षं बाजूला पडलं. पुढे एडवर्ड टॉब यांनी त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं: दुबळा हात सुरुवातीला साथ देत नाही, म्हणून माणूस तो न वापरायला शिकतो आणि थोडी शक्ती परत आली तरी ती सवय सुटत नाही. २००६ साली २२२ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दोन आठवडे चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दुबळ्या हातानं भरपूर सराव करायचा. ज्यांच्या मनगटा-बोटांत थोडी हालचाल उरली होती, अशा रुग्णांचा हात सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. साधन काय लागलं? एक मोजा! बाकी सगळी मेहनत रुग्णाची आणि शिकवणाऱ्याची.

आता वर्ध्याकडे वळतो, कारण यंत्र आणि हात यांचं भांडण इथं फार आधी लढलं गेलं. गांधीजी १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. ते यंत्राचे शत्रू होते, असं आपण सहज बोलून जातो. १९२४ साली जी. रामचंद्रन यांनी त्यांना याबद्दल छेडलं होतं. त्या वेळी गांधीजींनी शिवणयंत्राचा अपवाद केला आणि कसोटीही सांगितली. तिचा आशय असा, की यंत्रानं माणसाचे अवयव लुळे पडता कामा नयेत. ते बोलत होते बेकारीबद्दल, लकव्याबद्दल नाही. पण ही कसोटी शब्दशः घ्या. लकव्याच्या रुग्णासाठी आणलेल्या प्रत्येक यंत्राला आधी हाच प्रश्न विचारायला हवा.

त्यांनी ही कसोटी कागदावर ठेवली नाही. १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. अटी काय? यंत्र हलकं हवं, हातानं किंवा पायानं चालणारं हवं, खेड्यातल्या झोपडीत वापरता यावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, पण अटी लक्षात ठेवा. १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली: हाताच्या कामातून बुद्धी घडते. १९३८ साली मगन संग्रहालय उघडलं, ग्रामोद्योगाची अवजारं लोकांनी बघावीत, पारखावीत म्हणून. हे वैद्यक नव्हतं, आणि गांधीजींना मेंदूविज्ञान आधीच कळलं होतं, अशी भाबडी विधानं मी करणार नाही. मात्र हात आणि बुद्धी यांना वेगळं काढू नका, हा आग्रह इथं धरला गेला, हे खरं.

तो आग्रह रुग्णालयात यायला वेगळी वाट लागली. कमला निंबकर या जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी. त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, आशियातली ती पहिली शाळा. फलटणचं 'कमला निंबकर बालभवन' त्यांच्याच नावाचं. या शास्त्राची मूळ कल्पनाच ही, की रुग्णाला काम द्यावं. विणकाम, सुतारकाम, पुढे रोजची कामं: बटण लावणं, घास घेणं. हातमाग हे त्यांच्या जुन्या साधनांपैकी एक. म्हणजे बघा, कारखान्याच्या हिशेबानं हातमाग कालबाह्य, आणि लुळ्या हाताच्या हिशेबानं औषध.

यानंतर रोबो आले. १९८९ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातासाठी रोबो करायला घेतला. नाव 'एमआयटी-मॅनस'. मॅनस म्हणजे लॅटिनमध्ये हात. त्या संस्थेचं ब्रीदवाक्यच 'मन आणि हात' अशा अर्थाचं आहे, नई तालीमवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात असं! रुग्ण रोबोचा दांडा धरून पडद्यावरच्या खुणेकडे हात नेतो. जिथं अडेल तिथं रोबो मदत करतो. पायांसाठी स्वित्झर्लंडमध्ये 'लोकोमॅट' झालं. पट्ट्यांनी तोललेला रुग्ण फिरत्या पट्ट्यावर चालतो आणि यंत्र त्याचे पाय उचलून ठेवतं.

निकाल काय लागले? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, स्वतः चालू शकणाऱ्या पण लंगडणाऱ्या जुन्या रुग्णांना थेरपिस्टच्या मदतीनं केलेल्या सरावाचा फायदा यंत्रावरच्या सरावापेक्षा जास्त झाला. पाय ठरल्या मार्गानं यंत्रच नेत असेल, तर माणूस आळसावतो, हे त्याचं एक स्पष्टीकरण. म्हणून अभियंत्यांनी यंत्राचं वागणं बदललं: लागेल तेवढीच मदत, एरवी हात आखडता. २०१० साली १२७ रुग्णांवरची हाताच्या रोबोची चाचणी प्रसिद्ध झाली. माणसानं तितकाच कसून करून घेतलेल्या सरावापेक्षा रोबो सरस ठरला नाही. २०१९ साली ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांच्या चाचणीत रोबोनं हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांहून जास्त सुधारणा दिसली नाही. मग यंत्र टाकाऊ का? नाही. ज्यांना अजिबात चालता येत नाही, अशांना पहिल्या काही महिन्यांत फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र मिळालं तर ते पुन्हा आपले आपण चालू लागण्याची शक्यता वाढते. यंत्राचा दुसरा गुण म्हणजे ते थकत नाही. २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. हाताच्या सरावाच्या एका बैठकीत रुग्ण उपयोगी हालचाल सरासरी ३२ वेळा करत होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा शेकड्यांत असतो. तो वाढवायला यंत्र मदत करू शकतं, पण मेहनत रुग्णाची राहिली तरच.

आता कुणी म्हणेल, सर, मग यंत्र नको, घरचे आहेतच की. इथंही इतिहास आपल्याला सोपं उत्तर देत नाही. भारतातल्याच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. घरच्या माणसाला शिकवायचं आणि घरीच व्यायाम करून घ्यायचे. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. प्रेम होतं, थोडं शिक्षणही होतं, तरी पुरलं नाही.

मग आपल्या जिल्ह्यानं काय करायचं? आपलं नशीब चांगलं आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंगीला रुग्णालयाबरोबर फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. पण आष्टी-कारंजाच्या किंवा समुद्रपूरच्या खेड्यातला माणूस रोज तिथं येणार कसा? त्याची एक मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची दुसरी. डिस्चार्जच्या कागदावर 'फिजिओथेरपी चालू ठेवा' असं लिहिलेलं असतं, आणि बैठक तिथंच संपते.

माझ्या मते १९२९ च्या अटी इथं जशाच्या तशा लागू पडतात. हलकं, घरात मावणारं, परवडणारं, गावातच दुरुस्त होणारं, आणि रुग्णाच्या बळावर चालणारं साधन हवं. अशा साधनाबरोबर शिकवायला आणि दर काही दिवसांनी तपासायला प्रशिक्षित माणूस गावात यायला हवा. मोठं यंत्र रुग्णालयात असावं, जरूर असावं. पण त्याच्या खरेदीचा प्रस्ताव येईल तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या थेरपिस्टच्या पगाराची तरतूद त्याच कागदावर आहे का, हे सभेत उठून विचारा.

आणि घरच्यांना एक विनंती. उजवा हात गेलेल्या वडिलांना तुम्ही घास भरवता, त्यात माया आहे, मला कळतं. पण थेरपिस्टला विचारून, जिथं धोका नाही तिथं, वाटी त्यांच्यासमोर ठेवा आणि थांबा. भात सांडेल. ताटाखाली वर्तमानपत्र अंथरा. पहिल्या दिवशी घास तोंडापर्यंत जाणार नाही, दहाव्या दिवशीही कदाचित नाही. तो वेळ त्यांना द्या, कारण तेवढ्या वेळात हात हलवणारे ते स्वतः असतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.